साहेबांनी पुसलेलं वाक्य

१० जून २०२४, सोमवार. यवतमाळ

आज रुजू झाले. काम ऐकायला सोपं आहे. जिल्ह्यातल्या एकशे सोळा उपकेंद्रांत नर्सजवळ आमच्या संस्थेचा एकेक टॅब आहे. रोगी आला की ती लक्षणं भरते आणि टॅब सांगतो, हे तपासा, ते टोचा, लगेच यवतमाळला पाठवा. आत दोनशे चौदा नियम आहेत. ते आजच्या वैद्यकाशी जुळतात का ते बघायचं, जुने झाले असतील तर बदलायचे. आई म्हणाली, म्हणजे तू रोगी बघणारच नाहीस? म्हटलं, एकही नाही आणि सगळेच.

सगळे नियम डॉ. श्रीकृष्ण देवपुजारी यांनी लिहिलेले. ते एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेले. तेव्हापासून नियमांना कुणी हात लावलेला नाही. माझं खातं पुण्याहून मंजूर होऊन यायचंय. तोवर सरांचंच वापर, असं मंदार म्हणाला. तो संगणकाची बाजू सांभाळतो. नियम बदलायचा अधिकार त्या एकाच खात्याला आहे. पासवर्ड त्यानं चिठ्ठीवर लिहून दिला. पण दर वेळी आत शिरताना एक सहा आकडी नंबर लागतो आणि तो जातो सरांच्या मोबाइलवर.

म्हटलं, गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर?

"फोन चालू आहे," मंदार म्हणाला. "शीलाकाकू, सरांच्या मिसेस, रिचार्ज करतात. त्यांना फोन लावायचा, त्या वाचून दाखवतील."

११ जून

दुसऱ्याच रिंगला उचलला. मी ओळख सांगितली. काकूंनी सहा आकडे सावकाश सांगितले, कुणाला औषधाचे थेंब मोजून द्यावेत तसे. मग विचारलं, "गेलीस का आत?" हो म्हटलं. पुढे म्हणाल्या, "सगळं जागेवर आहे ना तिथे?"

आहे म्हटलं.

१९ जून

प्रत्येक नियमाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कुणी तपासला आणि कधी. आज ते पहिल्यांदा नीट वाचलं. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नियमांखाली एकच ओळ आहे. "तपासले: डॉ. श्री. देवपुजारी, १ जानेवारी २०२४."

मागचा इतिहास उघडला. जुलै २३, जानेवारी २३, जुलै २२. गेल्यापासून त्यांनी सगळे नियम सहा वेळा तपासले आहेत.

दुपारची वेळ, पंखा चालू, शेजारच्या टेबलावर डबे उघडलेले, आणि मला मान वर करवेना. मंदारला बोलावलं. तो हसला नाही, उलट ओशाळला. सहा महिने कुणी तपासला नाही तर नियम लाल होतो आणि नर्सच्या टॅबवरून जातो. सर गेल्यावर सगळे लाल होऊन टॅब कोरे पडले असते. ऐन कोविडमध्ये. म्हणून त्यानं तारीख आपोआप पुढे सरकेल अशी सोय करून ठेवली, आणि मग ती तशीच राहिली.

१ जुलैला ते सातव्यांदा तपासतील.

२६ जून

नर्सना प्रश्न विचारायला टॅबमध्येच एक जागा आहे. तिला त्या "साहेबांना विचारणं" म्हणतात. मी पहिले आठ दिवस "अनघा, संस्था" म्हणून उत्तरं दिली. एकीनंही ती मानली नाहीत. दिग्रसकडच्या एका उपकेंद्रावर अर्पिता म्हणून नर्स आहे, २०२२ मध्ये लागलेली. तिनं स्पष्टच लिहिलं, मॅडम, साहेबांना विचारून सांगा ना.

तेच उत्तर मी साहेबांच्या खात्यातून टाकलं. त्यांची जुनी उत्तरं वाचून त्यांची ढब आता मला जमते. आधी "घाबरू नका". मग छोटी छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच काम. शेवटी मी "बरोबर आहे बेटा" लिहिलं. मिनिटभरात अर्पिताचं उत्तर आलं. "थँक यू साहेब. एकदा भेटायचं आहे तुम्हाला."

ते नाहीत हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही सांगितलं. तसं पाहिलं तर खोटं काही लिहिलं नव्हतं, औषध बरोबर होतं. पण घरी निघण्याआधी तो "बेटा" पुन्हा दोनदा उघडून वाचला.

३ जुलै

आज खरं काम केलं. नियम अठ्ठ्याऐंशी, फवारणीच्या औषधाची विषबाधा. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, ऑक्सिजन लावा, लाळ गळत असेल आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल तर अट्रोपिन द्या. सरांनी लिहिला तेव्हा बहुतेक रोगी कीटकनाशकाचेच यायचे, त्यांना हे सगळं लागू. आता निंदायला माणसं मिळत नाहीत म्हणून सगळीकडे तणनाशक मारतात. त्यातलं पॅराक्वाट वेगळं आहे. ते फुप्फुसात जाऊन बसतं, आणि वरून ऑक्सिजन दिला की त्याला सरपण मिळतं. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन दोनदा खात्री करून घेतली. मग वाक्य घातलं.

"घाबरू नका. बाटली बघा. पॅराक्वाट पोटात गेलं असेल तर ऑक्सिजन लावू नका. बोटावरच्या यंत्राचा आकडा नव्वदच्या खाली गेला तरच लावा. लगेच यवतमाळला पाठवा."

खाली नाव साहेबांचं.

८ जुलै, सोमवार

वाक्य नाही. बाकी नियम जसाच्या तसा, फक्त माझं वाक्य गेलं. सेव्ह करायचं राहिलं असेल. पुन्हा घातलं.

१५ जुलै, सोमवार

आज सकाळी काकूंना फोन लावला. मी काही बोलायच्या आत त्यांनी आकडे सांगायला सुरुवात केली. पाच, एक, एक, आठ.

म्हटलं, "काकू, मी अजून संगणकही उघडलेला नाही."

मग म्हणाल्या, "मग कालचा असेल."

"काल रविवार होता."

"या फोनचं काही खरं नाही आता," म्हणाल्या.

आत गेले तर वाक्य पुन्हा नाही. वर कोपऱ्यात लिहिलं होतं, "शेवटचा प्रवेश: रविवार १४ जुलै, दुपारी ३.१०." काल तीन वाजता मी बाभुळगावला मामाकडे जेवून लवंडले होते. ऑफिसला कुलूप. मंदारनं शपथेवर सांगितलं, तो नाही. त्याच्या मते दोन सर्व्हर आपसात जुळत नसतील आणि जुनी प्रत वर येत असेल. पण जुनी प्रत आली तर माझे इतर बदलही जायला हवेत. गोवराचा आहे, विंचवाचा आहे. एवढं एकच वाक्य जातं. ते पुन्हा घातलं.

पासवर्ड बदलावा तर पुण्याला पत्र टाकावं लागतं. मंदार टाकतो म्हणालाय.

मनात जे येतं ते इथे तरी लिहावं. ज्याचं नाव, त्याला ते वाक्य मान्य नाही, असं वाटतं. दिवसाढवळ्या वाटतं. एमबीबीएस झालेली बाई मी.

२१ जुलै, रविवार

ऑफिस बंद, म्हणून काकूंचा फोन एकदा बघून यावा म्हणून गेले. आठवडाभर झडी लागलीय, आज पाऊस थांबला पण आभाळ तसंच गच्च. काकूंचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, टापटीप. सरांची खुर्ची, तिच्यासमोर टेबलावर मोबाइल चार्जिंगला, शेजारी जुना संगणक, त्यावर क्रोशाचं झाकण. दार उघडायला काकूंना जरा वेळ लागला. मी टेबलाला टेकून उभी राहिले तेव्हा हात संगणकाला लागला, तो कोमट होता. खिडकीशीच आहे, उन्हानं तापत असेल.

फोन चांगला आहे. काकूंनी पोहे केले. तीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होत्या हे आज कळलं. म्हणाल्या, यांचं मराठी म्हणजे डॉक्टरी अक्षरासारखं, यांचं यांनाच कळायचं.

मग स्वतःहूनच सांगितलं. तेव्हा कुठेच बेड नव्हता. एका दवाखान्याच्या व्हरांड्यात सर अकरा तास बाकावर बसून होते. स्वतः डॉक्टर, म्हणून आकडा किती खाली जातोय ते त्यांना कळत होतं. काकूंना सांगत होते, आता ब्याऐंशी, आता शहात्तर. सिलिंडर संध्याकाळी येणार होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

"हवा मागत गेला माणूस," काकू म्हणाल्या. "हवा कुणी नाही म्हणायची वस्तू आहे का गं?"

मी नाही म्हटलं.

३० जुलै, मंगळवार

वाक्य पुन्हा गेलं. शनिवारी होतं, मी फोटो काढून ठेवलाय. रविवारी दुपारी ३.०५ ला गेलं. आज सकाळी बघितलं तेव्हा मला ते कळलं.

आणि नेमकं कालच अर्पिताकडे रोगी आला. अमरसिंग आडे, वय छत्तीस, तांड्यावरचा. शेतात पाणी समजून बाटली तोंडाला लावली, एक घोट आत गेला, बाकी थुंकला. बायको रामीबाई सोबत होती, तिनं गवताचं औषध म्हणून सांगितलं. अर्पितानं टॅबमध्ये विषबाधा भरली. टॅबनं सांगितलं, ऑक्सिजन लावा. त्याचा आकडा सत्त्याण्णव होता. तरी तिनं मशीन लावली आणि पुरती सोडली. मधला नाला भरला होता, रुग्णवाहिका पोचायला चार तास लागले. चार तास ऑक्सिजन.

तिनं मला फोन केला तो चुकलं म्हणून नव्हे. आनंदानं केला. म्हणाली, साहेबांना सांगा, पेशंट एकदम स्टेबल गेला.

१ ऑगस्ट

मोठ्या दवाखान्यात गेले. दिग्रसच्या दुकानदाराला विचारून डॉक्टरांनी औषधाचं नाव काढलंय. पॅराक्वाटच.

अमरसिंग पलंगावर मांडी घालून बसला होता. तोंडात फोड आलेत, बाकी काही नाही. मला बघून म्हणाला, "मले काई नाई झालं मॅडम. कायले ठेवून राह्यले काय मालूम. उद्या घरी धाडा म्हना." शेजारच्या पेशंटला सोयाबीनबद्दल काहीतरी सांगून हसवत होता. रामीबाई त्याचे कपडे घडी करून पिशवीत भरत होती.

छातीचे डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, हे असंच असतं, चार-सहा दिवस माणूस चालतो, बोलतो, हसतो. आत फुप्फुस जून होत जातं. मी विचारलं, ऑक्सिजन लावला नसता तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. घोट किती गेला त्यावर असतं. पण तो नको होता लावायला.

जिना उतरताना त्याचं हसणं ऐकू येत होतं.

५ ऑगस्ट

आज तो बसू शकत नाही. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबतो.

८ ऑगस्ट

सकाळी साडेदहाला गेला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

काल पुढे काही लिहिता आलं नाही.

आज ऑफिसात नुसत्या तारखा मांडून बसले. ७ जुलै, १४ जुलै, २८ जुलै, सगळे रविवार, सगळं दुपारी तीनच्या सुमाराला. मधल्या २१ तारखेला काही झालं नव्हतं. त्या दिवशी तीन वाजता काकूंच्या घरी मी होते.

तिथून सरळ त्यांच्याकडे गेले. दारातच विचारलं. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं, स्वतः सरांच्या खुर्चीत बसल्या.

"मीच काढलं," म्हणाल्या. "दर रविवारी जेवण झालं की आम्ही दोघं बसायचो. हे औषध सांगायचे, मी वाक्य करायची. नर्सना कळेल असं. ते 'घाबरू नका' माझं आहे. पासवर्ड मला पाठ आहे. हे गेल्यावर मी आत जाऊन नुसती वाचायची, बदलत काही नव्हते. मग त्या रविवारी ते दिसलं. ऑक्सिजन लावू नका. आणि खाली यांचं नाव."

मी म्हटलं, काकू, ते बरोबर होतं. त्या विषाला तेच लागू आहे. पॅराक्वाट काय करतं ते सगळं सांगितलं. मास्तरीणबाईंसमोर उभं राहून विद्यार्थी बोलतो तशी बोलत राहिले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे मला महिन्यापूर्वी सांगितलं असतंस तर मीच तुला वाक्य करून दिलं असतं," म्हणाल्या. "तू रोज मला नंबर मागितलास, अनघा. त्यांच्या नावानं काय लिहितेस ते एकदाही नाही सांगितलंस. मला वाटलं, कुणीतरी त्यांच्याच तोंडून त्यांना हवा नाही म्हणवतंय."

मग मी अमरसिंगबद्दल सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. एकच विचारलं. "किती वर्षांचा होता?"

१२ ऑगस्ट

मंदारनं अहवालाचा मसुदा करून ठेवला होता. सर्व्हरमधील तांत्रिक दोष. माझ्यासाठीच केला होता बिचाऱ्यानं, आणि काकूंसाठी. मी सही केली नाही. जे झालं ते लिहिलं. गेलेल्या माणसाच्या नावानं मी दोन महिने नियम बदलले, उत्तरं दिली. तपासल्याच्या तारखा खोट्या आहेत. वाक्य काकूंनी काढलं, पण वाक्य दोनदा गेल्यावर मी खातं बंद पाडायला हवं होतं, किमान सगळ्या नर्सना फोन करायला हवे होते. मी फक्त पुन्हा पुन्हा घालत राहिले आणि घाबरत राहिले. काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, माझं नाव पूर्ण लिही.

१४ ऑगस्ट

खातं बंद झालं. पुण्याहून माझं मंजूर होऊन आलं, एका दिवसात. त्या खात्याच्या नावावर तपासलेले दोनशे चौदा नियम एकदम लाल. ज्यांना हात लावलाच नव्हता ते, आणि मी बदललेले तेही. आज एकशे सोळा टॅब कोरे आहेत. दिवसभर फोन. प्रत्येकीला तेच सांगितलं, यवतमाळच्या डॉक्टरांचा नंबर दिला, नियम एकेक तपासून परत येतील म्हटलं. अठ्ठ्याऐंशी नंबर सगळ्यात आधी टाकला, माझ्या नावानं.

अर्पिताला मीच फोन केला. आधी अमरसिंगचं सांगितलं. तिचं त्यात काही चुकलं नाही, हेही सांगितलं. मग साहेबांचं.

"साहेब वारले?" म्हणाली. "कधी?"

"तीन वर्षं झाली."

पलीकडे उपकेंद्रात कुणाचं तरी मूल रडत होतं, ते मला ऐकू येत राहिलं.

"मग मला बेटा कोण म्हणत होतं?"

"मी," म्हटलं.

तिनं फोन ठेवला.

२५ ऑगस्ट, रविवार

काकूंना रामीबाईला भेटायचं होतं. मी नको म्हणत होते. संस्थेनं पत्र पाठवलंय, चौकशी चालू आहे, वकील काय म्हणतील. काकू म्हणाल्या, तू नाही आलीस तर एसटीनं एकटी जाईन. दिग्रसपर्यंत बस, पुढे ऑटो.

रामीबाई घरासमोर बाजेवर बसली होती. मला तिनं ओळखलं. काकूंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, उभ्या उभ्या. ऑक्सिजन लावू नका असं लिहिलेलं होतं, ते मी पुसलं, म्हणून तुमच्या माणसाला तो लागला. शाळेतल्या मुलीनं चूक कबूल करावी तसे हात समोर धरून.

रामीबाईनं आधी काकूंच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "हवा लावली तवा त्याले बरं वाटलं. मले म्हने, मोकळं वाटून राह्यलं."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"काहून पुसलं पन?" रामीबाईनं विचारलं.

काकूंनी सांगितलं. व्हरांडा, बाक, अकरा तास. रामीबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग तुमच्या मालकाले भेटली का हवा?"

"नाही."

तिनं बाजेवर सरकून जागा केली. माफ केलं असं मी म्हणणार नाही, तसं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. फक्त जागा केली. काकू बसल्या.

मग तिनं विचारलं, आता बराबर लिवलं का? काकूंनी पाठ असलेलं म्हणून दाखवलं. घाबरू नका. बाटली बघा. रामीबाईनं मध्येच थांबवलं. उठून घरामागे गेली आणि एक बाटली घेऊन आली. मला आधी वाटलं, पाणी आणलं आम्हाला.

हिरव्या प्लास्टिकची, थंड पेयाची बाटली. वर लिंबाचं चित्र. आत तळाशी चार बोटं औषध अजून होतं. सगळे अशीच आणतात, ती म्हणाली, मोठ्या डब्यातून वाटून घेतात. काकूंनी बाटली उजेडात धरली, फिरवून बघितली, लिंबाच्या चित्राशी थांबल्या. आम्ही लिहिलंय, बाटली बघा.

"अनघा," म्हणाल्या, "वाक्य चुकलं आपलं." मग रामीबाईकडे वळल्या. "मग हे तेच औषध आहे, हे तुम्ही कशावरून ओळखता?"

रामीबाईला प्रश्नच विचित्र वाटला. "सकाळी मारलं तं सांजीले गवत जळते. दुसरं जे राह्यते ना, त्याले आठ दिवस लागते."

मी छातीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, बरोबर आहे. विचारा असंच.

काकूंनी पिशवीतून वही काढली. बाटलीवर नाव नसेल तर घरच्यांना विचारा: हे मारल्यावर गवत एका दिवसात जळतं का? लिहून झाल्यावर पेन तसंच धरून त्यांनी रामीबाईला विचारलं, हे कुणी सांगितलं म्हणून लिहू, तुमचं पूर्ण नाव काय.

"रामीबाई अमरसिंग आडे."

काकूंनी तिन्ही शब्द लिहिले.